धुरपतामावशी आणि बिनडिस्कचा डबा

“चार दाती हाय ही. अजून चार घरं फिरंल.”

कळमनुरीत बाजाराच्या दिवशी हे वाक्य कानावर पडलं, तर कुणीतरी शेळी विकतंय असंच वाटेल. मलाही तेच वाटलं. मी खताच्या दुकानाच्या भिंतीला लागून उभी होते, पलीकडच्या गाळ्यात जावं की तसंच घरी परत फिरावं याचा विचार करत. शेवटी डोकावले. शेळी कुठेच नव्हती. हिरवं नऊवारी नेसलेल्या, साठीच्या आसपासच्या एक बाई दाराशी आल्या होत्या आणि व्हिडिओ गेमची डिस्क उन्हात तिरकी धरून बघत होत्या. एक डोळा मिटलेला. त्यांनी डिस्कवर तोंडाची वाफ सोडली, पदराच्या मऊ टोकानं ती पुसली आणि पुन्हा बघितलं.

समोर खाकी गणवेशातले एक कंडक्टर उभे होते. खांद्याला तिकिटांच्या मशीनची बॅग, चेहऱ्यावर फसवणूक झाल्याचा भाव.

“चार दाती कुठली, मावशी? पार म्हातारी हाय. काल खेळता खेळता मधीच अडकली.”

“अडकली तुमची मशीन असंल. राठोड, जनावराला नावं ठेवायच्या आधी आपला गोठा झाडावा.”

कंडक्टर हसले. मी तिथूनच घरी गेले, कारण आत शिरायचं धाडस त्या दिवशी झालं नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, आणि पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेले.

दुकानाचं नाव ‘भागवत गेम सेंटर’. खेळून झालेली डिस्क आणायची, वर थोडे पैसे घालायचे आणि दुसरी न्यायची, असा तिथला व्यवहार. भागवत म्हणजे धुरपतामावशींचा मुलगा. दुकान त्यानं काढलं, मग त्याला पुण्यात नोकरी लागली. त्यानं आईला फोन करून सांगितलं की सगळा माल कुणालातरी देऊन टाक आणि गाळ्याची चावी मालकाकडे पोचव. मावशी चावी द्यायलाच आल्या होत्या. शेवटचं एकदा बघावं म्हणून कुलूप उघडलं, तर भिंतीवरच्या फळ्यांवर दोनेकशे डिस्क आपापल्या डब्यात मुकाट बसलेल्या. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. मग दुसरं. संध्याकाळी भागवतनं विचारलं, दिली का चावी? मावशी म्हणाल्या, “आरं, जितराब आसं वाऱ्यावर सोडत असतेत व्हय? गिऱ्हाईक येऊन राहिलं. तू तुझी नौकरी कर.”

त्याआधी तीस वर्षं त्यांनी शेळ्यामेंढ्यांचा व्यापार केला होता. औंढ्याच्या बाजारात घ्यायची, वसमतच्या बाजारात विकायची. तो सगळा व्यापार त्यांनी जसाच्या तसा त्या आठ बाय दहाच्या गाळ्यात आणून बसवला. शेळीचं वय दातावरून कळतं, डिस्कचं ओरखड्यांवरून. नवी कोरी ती ‘आदत’. एकदोन ओरखडे पडले की ‘दोन दाती’, जास्त पडले की ‘चार दाती’. जी मशीनमध्ये घातली की घरघर करते ती ‘म्हातारी’, आणि म्हातारी त्या विकत नसत. ती काउंटरच्या काचेखाली ठेवून देत. “लई घरं फिरली. आता बसू द्या तिला.”

डब्यावरची नावं त्यांना वाचता येत नव्हती आणि त्यावाचून काही अडतही नव्हतं. चित्र बघून त्यांनी सगळ्या गेमचं बारसं केलं होतं. एक ‘उघडा गडी’, एक ‘रडकी बाई’, एक ‘दोन तोंडाचं कुत्रं’. उघड्या गड्याचा पुढचा भाग आला, त्यात त्यानं अंगात काहीतरी घातलं होतं, म्हणून तो ‘शहाणा झालेला गडी’. कॉलेजची मुलं काउंटरवर कोपर टेकून अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारायची, “मावशी, गडी शहाणा झालेला हाय का?” आणि मावशी तितक्याच गंभीरपणे सांगायच्या, “गेला काल वारंग्याला. आईतवारी येईल.”

सौदा मात्र तोंडानं होत नसे. शेळीबाजारात दोघंजण टॉवेलाखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, म्हणजे बाजूच्याला कळत नाही. मावशींच्या काउंटरवर तसा एक लाल चौकटीचा टॉवेल कायम असायचा. गिऱ्हाईक कोणीही असो, अकरावीतला मुलगा असो की तहसीलमधला कारकून, त्यानं टॉवेलाखाली हात घालायचा. राठोड कंडक्टरांना गुदगुल्या व्हायच्या. दुसरं बोट दाबलं की ते हसू आवरता आवरता वाकायचे आणि मावशी म्हणायच्या, “हसला की भाव वाढतो, राठोड.”

मला तो टॉवेल फार आवडला. मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी बोलता येतं, पण ‘एकोणसत्तर’ असं कुणी म्हटलं की मला आतल्या आत इंग्रजीत उलटं मोजावं लागतं, तोवर समोरचा कंटाळतो. आणि चार माणसं असली की मला इंग्रजीतही बोलता येत नाही. इथे बोलायचंच नव्हतं. बोट दाखवून डबा मागायचा, टॉवेलाखाली हात घालायचा, मावशींची खरखरीत बोटं काय म्हणतात ते ऐकायचं. पहिले तीन सौदे मी एकही शब्द न उच्चारता केले. चौथ्यांदा मावशींनी डबा हातात देताना विचारलं, “कुणासाठी नेतीस गं?”

“दादासाठी,” मी म्हणाले. दादा हैदराबादला नोकरीला गेला होता आणि त्याची मशीन घरी तशीच होती, एवढं त्यात खरं होतं.

मावशींनी माझा हात सोडला नव्हता. त्यांनी तो टॉवेलाबाहेर काढला, उलटा केला आणि माझ्या अंगठ्यावरून आपला अंगठा फिरवला.

“दादा खेळतो आन् घट्टा तुझ्या आंगठ्याला पडतो,” त्या म्हणाल्या. मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. “आसू दे. दादालाच सांग, ‘रडकी बाई’ चांगली हाय म्हनून.”

तेव्हापासून त्या सगळ्यांसमोर माझ्या दादाची चौकशी करायच्या. दादा कुठवर पोचला, दादाला तो मोठा राक्षस मारता आला का. मी मान हलवायची. राठोडकाका दादाला निरोप द्यायचे की राक्षसाच्या डाव्या गुडघ्यावर मार.

राठोडकाका कळमनुरी-नांदेड गाडीवर होते. गावाबाहेरच्या तांड्यावर राहायचे. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलूखभर फिरले होते. “आमचं घराणंच वाहतुकीचं,” असं ते सांगायचे. फक्त एक दुःख होतं. वीस वर्षं घंटी मारली, स्टेअरिंग कधी हातात आलं नाही. म्हणून ते गाड्यांचेच गेम घ्यायचे.

दुकानात मागच्या बाजूला एक टीव्ही आणि मशीन होती, डिस्क चालते की नाही ते दाखवायला. मावशी स्वतः खेळत नसत, पण बघत. एकदा राठोडकाका एक घोडेस्वाराचा गेम तपासत होते. घोडा डोंगर चढून गेला आणि पलीकडे उतारावर मेंढ्या चरताना दिसल्या. मावशी हातातलं काम टाकून टीव्हीसमोर येऊन बसल्या.

“ह्यांचा धनी कुठंय?”

“धनी न्हाई मावशी, शोभेला हाईत त्या. मला त्या किल्ल्यावर जायचंय.”

“शोभेला? दिवस मावळून राहिला, लांडगं येईल. गोळा कर आधी.”

“आवो ते गेममधी होत न्हाई.”

“होतंय का न्हाई ते करून बघ की.”

राठोडकाकांनी पाऊण तास मेंढ्या हाकल्या. चौदा होत्या. तेरा एका कड्याच्या आडोशाला आल्या. चौदावी ओढ्यात उभी राहिली आणि हलेना. बाहेर सहा माणसं जमली, प्रत्येकजण आपापला सल्ला देत होता. शेजारचा मोबाईल दुरुस्तीवाला संतोष, ज्याला मावशींच्या दुकानातलं सगळंच हास्यास्पद वाटायचं, तोही हातातला स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला आणि “डावीकडून घ्या हो, डावीकडून” म्हणू लागला. तेवढ्यात किल्ल्यावरचे शिपाई आले आणि त्यांनी राठोडकाकांना ठार मारलं. मावशी बराच वेळ काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. “आता चौदावीचं काय?” त्या म्हणाल्या. तो गेम त्यांनी पुन्हा कुणाला दिला नाही.

त्यांचा एकच नियम होता आणि तो त्या मोडत नसत. नवा डबा आला की तो गिऱ्हाइकासमोर, चारजणांच्या साक्षीनं उघडायचा. “शेळीचं तोंड बाजारात उघडायचं असतं. घरी जाऊन उघडलं तर निसता वास येतो.” डबा त्या दातानं फोडायच्या, डिस्क बाहेर काढायच्या, सगळ्यांना दाखवायच्या, कुणीतरी म्हणायचं “बराबर”, आणि मग सौदा पक्का. माझ्या दुकानातून मेलेला माल कुणाच्या घरी गेला नाही, हे वाक्य त्या दिवसातून दोनदा तरी म्हणत. त्यांच्याकडे दुसरी जाहिरात नव्हती.

त्या वर्षी एक नवा बसचा गेम येणार होता. डोंगरातले रस्ते, खरे गिअर, खरे प्रवासी. राठोडकाका सहा महिने त्याच्याबद्दल बोलत होते. पहिला डबा त्यांचा, हे ठरलेलं. नांदेडच्या ठोक व्यापाऱ्यानं तो राठोडकाकांच्याच गाडीत पार्सल म्हणून दिला, आणि ते तो मांडीवर घेऊन कळमनुरीपर्यंत आले. गाडी परत नांदेडला सुटायला वीस मिनिटं होती. दुकानात आम्ही आठनऊजण होतो.

मावशींनी दातानं प्लास्टिक फोडलं. डबा उघडला. आत डिस्क नव्हती. डिस्क बसते ती गोल खोबणही नव्हती. एक कागद होता, पोस्टकार्डाएवढा.

मावशींनी डबा उलटा करून हलवला. मग कानाशी धरला.

“ह्याच्या पोटात काहीच न्हाई.”

“असंल कुठंतरी,” राठोडकाका म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

“आता असंच येतंय मावशी,” दारातून संतोष म्हणाला. “कोड असतो. तो घरी टाकायचा, गेम नेटवरून उतरतो. डबा नुसता नावाला.”

मावशींनी नांदेडला फोन लावला. व्यापाऱ्यानंही तेच सांगितलं. डबा शोभेला आहे म्हणाला. “शोभेला? मग ह्याला हार घालू काय?” असं विचारून मावशींनी फोन ठेवला आणि आमच्याकडे वळल्या. “आन् खेळून झाल्यावर? परत आणून दुसरा नेता येतो का?”

“न्हाई,” संतोष म्हणाला. “एकदा टाकला की त्याच मशीनचा झाला.”

मावशींनी जरा विचार केला. “म्हंजे खाल्लं की संपलं. मग ही शेळी न्हाई, भजं हाय.”

तरीही नियम तो नियम. माल दाखवायचा. त्यांनी कागद माझ्या हातात दिला, कारण इंग्रजी मीच वाचायची. त्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की कोड एकदाच चालतो आणि तो कुणालाही दाखवू नये. मी ते मनात वाचलं. आठनऊ माणसं माझ्याकडे बघत होती. “कोड आहे,” एवढंच मी म्हणाले.

“कुठंय?”

मी करड्या पट्टीवर बोट ठेवलं. मावशींनी नाणं घेतलं आणि पट्टी खरवडली. आतून अक्षरं निघाली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. “बारा हाईत. मोजा सगळ्यांनी. न्हाईतर उद्या म्हनाल अकराच होते.” कागद हातोहात फिरला. आठनऊ माणसांनी दात मोजावेत तशी अक्षरं मोजली. मग मावशी मला म्हणाल्या, “आता वाच मोठ्यानं. साक्षीला.”

मी वाचला. एकेक अक्षर, एकेक आकडा, स्पष्ट उच्चारात. आमच्या शाळेत स्पेलिंगची स्पर्धा असायची आणि मी कधी हरले नव्हते. राठोडकाका “बराबर” म्हणाले, कागद तिकिटांच्या बॅगेत ठेवला आणि गाडीकडे पळाले. त्यांची रात्रीची वस्ती नांदेडला होती. गेम ते दुसऱ्या दिवशी घरी जाऊन टाकणार होते.

मी घरी आले. आई झोपली होती. तिच्या समजुतीप्रमाणे मी नोट्सची झेरॉक्स आणायला गेले होते. बँकेच्या परीक्षेचं पुस्तक उघडलं, तर प्रत्येक ओळीत ती बारा अक्षरं. अर्धा तास ती डोक्यात फेर धरून नाचली. मी स्वतःला म्हटलं, चालतो का तेवढं बघू. मावशी नाही का मशीनवर लावून बघत. मग मी मशीन सुरू केली, बारा अक्षरं टाकली आणि ‘पुढे’ दाबलं. मला वाटलं होतं, मशीन आधी काहीतरी विचारेल. तिनं थेट माझे आभार मानले. पडद्यावर निळी बस आली आणि गेम उतरायला लागला. मी धावत जाऊन नेटची वायर उपटली. मग पाच मिनिटांनी परत लावली, तर बस तिथेच उभी, माझ्या नावावर, माझी वाट बघत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात गेले. काय करणार होते ते मला माहीत नव्हतं. राठोडकाका माझ्याआधीच आले होते. घरी जाऊन त्यांनी कोड टाकला होता आणि मशीननं सांगितलं होतं की तो वापरून झालाय. ते रागावले नव्हते, त्यामुळे बघवत नव्हतं.

“मावशी,” ते म्हणाले, “तो माल मेलेला निघाला.”

मावशी स्टुलावर बसल्या. नांदेडला फोन झाला. पट्टी खरवडली की जबाबदारी संपली, असं व्यापारी म्हणाला. “खरवडली मीच,” मावशी म्हणाल्या. “म्हंजे मारली मीच.”

“तुमी काहून मारताय? काल इथं जे व्हते त्यातल्या कुणीतरी खाल्ली,” राठोडकाका म्हणाले आणि नकळत त्यांची नजर दाराकडे गेली. संतोष तिथेच उभा होता. बाकीच्यांनीही तिकडे पाहिलं.

“माझ्याकडं बघू नका,” संतोष म्हणाला.

“बघून न्हाई राहिलो. पण तुझ्याकडं धा मोबाईल पडलेत, तुला त्यातलं सगळं कळतं.”

संतोष आपल्या गाळ्यात गेला आणि दुरुस्तीला आलेल्या मोबाईलचा अख्खा ट्रे आणून त्यानं काउंटरवर ओतला. एरवी प्रत्येक गोष्टीला हसणारा माणूस तो. “तपासा. एकेक तपासा. मावशी, तुमी बी तपासा.”

“कुणी काही तपासायचं न्हाई,” मावशी म्हणाल्या. “आपल्या बाजारात शेळी घेणाऱ्याच्या दावणीला पोचायच्या आत मेली, तर ती इकणाराची. कशानं मेली ते इच्यारायचं नसतं. सगळे हितंच थांबा.”

आणि त्या गेल्या. अर्ध्या तासानं परतल्या तेव्हा त्यांच्या हातात दावं होतं आणि दाव्याला त्यांच्या घरची एक तांबडी, पोट सुटलेली शेळी. तिला त्यांनी पायरी चढवून गाळ्यात घेतलं. आमच्यातले तिघं जागा करायला बाहेर उतरले.

“धर,” त्या राठोडकाकांना म्हणाल्या. “गाभण हाय. दोन करडं देईल.”

“मावशी, मला बस पायजे व्हती.”

“बस मेली. ही जिती हाय.”

“आवो मी ड्यूटीवर चाललो. हिला गाडीत कशी नेऊ?”

“तिकीट काढून.”

“पूर्ण का अर्धं?” राठोडकाकांनी विचारलं. तेही आता हसायच्या बेतात होते.

“पोटातल्यांचं लागत न्हाई ना? मग एकच काढ. आन् खिडकीपाशी बशीव.”

सगळे हसले. संतोष हसला नाही. तो खाली वाकून एकेक मोबाईल ट्रेमध्ये ठेवत होता. मावशी हसत होत्या, पण दावं त्यांनी अजून सोडलं नव्हतं, आणि शेळीच्या पाठीवरून त्यांचा दुसरा हात फिरत होता, पुन्हा पुन्हा, त्याच जागी. ती शेळी खरंच द्यायची नव्हती त्यांना. आणि त्या ती खरंच देणार होत्या.

मी काउंटरवरचा कागदाचा तुकडा घेतला. लिहिलं. चार ओळी, शक्य तितक्या सुवाच्य मराठीत. घडी घातली आणि मावशींच्या हातात दिली.

“हे काय गं?” त्यांनी चिठ्ठी बोटात धरली आणि वाचून दाखवायला कोण आहे म्हणून मान वळवली. तेवढ्यात शेळीनं मान लांब केली, चिठ्ठी त्यांच्या बोटांतून अलगद काढून घेतली आणि चावायला लागली. अगदी निवांत, डोळे अर्धे मिटून. संतोषनं हात पुढे केला तोवर एक कोपराच उरला होता. तोही गेला.

“बरं झालं,” मावशी म्हणाल्या. “कालपासून कागदानंच घात केलाय. काय लिवलं व्हतं ते तोंडानं सांग.”

गाळ्यात सहाजण, पायरीवर तिघं, एक शेळी. सगळे माझ्याकडे बघत होते.

“तो गेम माझ्या घरी आहे,” मी म्हणाले.

“काय?”

“बसचा. माझ्या घरी आहे.”

राठोडकाकांना ते समजायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा उजळला, माझ्यासाठीच. “आसं काय. दादा आला व्हय हैदराबादहून? त्यानं टाकला असंल. पोरगं हाय, त्याला काय ठाऊक कुणाचा ते.”

“दादाचंच काम असणार,” पायरीवरून कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना हलवल्या. मला फक्त मान हलवायची होती. मी ती वर्षभर हलवत आले होते.

आज मावशी आठवल्या की मला तशाच दिसतात: गाळ्याच्या मधोमध उभ्या, एका मुठीत दावं, पायाशी शेळी, आणि नजर माझ्यावर, डिस्क उन्हात धरून बघायच्या तशी, एक डोळा किंचित बारीक. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी तेव्हाही दादाचं नाव खोडलं नाही, आणि जोडलंही नाही. थांबल्या.

“दादा नाही आला,” मी म्हणाले. माझा आवाज बाहेर खताच्या दुकानापर्यंत जात होता आणि मला तो थांबवता येत नव्हता. “दादा खेळतच नाही. मी खेळते. कोड मीच टाकला, संतोषभाऊंनी नाही. तो आता काढता येत नाही, मी करून बघितलं. राठोडकाका, गुरुवारी तुमची सुट्टी असते ना, तर आमच्या घरी या चालवायला. दर गुरुवारी या. सगळेच या. आईला मी सांगते.”